वरच्या तारा

तार तुटली तेव्हा कादंबरीच्या हातातला मग हिंदकळला आणि कॉफी तिच्या स्वेटरवर सांडली. बंद खोलीत फटाका फुटावा तसा तो आवाज होता. हार्पमागे बसलेल्या तिच्या मुलीचे, अनुष्काचे, खांदेही दचकून वर उडाले. पण खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या हार्पच्या शिक्षिका रोस्विता लांगे बाहेरच्या बर्फाकडे बघत बोलतच राहिल्या. डावा हात घाई करतो, त्या सांगत होत्या, डाव्या हाताला वाटतं की कुणीतरी त्याची वाट बघतंय, त्याला सांग की कुणी वाट बघत नाहीये. ना त्यांच्या बोलण्यात खंड पडला ना त्यांची मान वळली. अनुष्का झटकन उठली, त्यांच्या समोर गेली, कोपराला हात लावला आणि तोंड त्यांच्या तोंडासमोर धरून म्हणाली, "स्ट्रिंग." मग कुठे त्या वळल्या. लोंबकळणारी तार बघून "हं, हीटर," एवढंच म्हणाल्या आणि ड्रॉवरमधून नवी तार काढायला वाकल्या. हिवाळ्यात अमेरिकेतल्या या नेपरव्हिलमधल्या घरांत दिवसरात्र हीटर चालू असतो, हवा कोरडी होते, तारा तुटतात, हे कादंबरीला माहीत होतं. त्यात विशेष काही नव्हतं. स्वेटरवरचा डाग टिपत ती बसून राहिली. तिच्या मनात तो कोपराला लावलेला हात राहिला. तो फार सवयीचा होता. पहिल्यांदा लावलेला हात तसा नसतो.

कादंबरी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायची. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टीत खोट शोधायची आणि सापडली की तिकीट काढायचं, म्हणजे चूक नोंदवायची, हे तिचं काम. हे तिला अमेरिकेत आल्यावर शिकावं लागलं नव्हतं. तिचे बाबा नागपूर स्टेशनवर टी.सी. होते, आणि काळा कोट खुंटीला अडकवल्यावरही त्यांची नजर तशीच राहायची. घरात येणाऱ्याजाणाऱ्याकडे ते असे बघायचे की प्रत्येकाचा हात आपोआप खिशाकडे जावा. ती अमरावतीला इंजिनिअरिंगला होती तेव्हा एकदा ते न कळवता हॉस्टेलच्या मेसमध्ये येऊन उभे राहिले होते. ती जेवत होती. पानात वरण-भात होता, शेजारी मैत्रीण होती, लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी तिने हातातला घास खाली ठेवला. आपण बिनतिकिटाच्या आहोत आणि आता पकडल्या जाणार, असं तिला वाटलं. बाबांनी डोक्यावर हात ठेवला, "सहज आलो होतो," म्हणाले आणि पुढच्या गाडीने परत गेले. आता अनुष्का सतरा वर्षांची होती, तिच्याकडे लायसन्स होतं, तरी दर गुरुवारी हार्पच्या क्लासला कादंबरीच तिला घेऊन यायची आणि मग आत येऊन सोफ्यावर बसायची. रस्त्यावर बर्फ असतो, असं ती सांगायची. उन्हाळ्यातही ती आत येऊन बसायची, तेव्हा मात्र काही सांगायची नाही.

त्या आठवड्यात ती ऑफिसच्या मीटिंगांमध्ये बसली तरी डोळ्यांसमोर लांगेबाईंचीच खोली होती. जुन्या सगळ्या गोष्टी नव्या क्रमाने लागू लागल्या. अनुष्का वाजवत असताना बाई तिच्या मागे अगदी चिकटून उभ्या राहतात आणि हार्पच्या लाकडावर तळवा टेकवून ठेवतात. त्या जवळिकीचा कादंबरीला मागे कधीतरी राग आला होता, कारण अनुष्का हल्ली आईला खांद्यालाही हात लावू द्यायची नाही. तो तळवा मायेचा नव्हताच तर. बाई कधी फोन उचलत नाहीत, टेक्स्ट करा म्हणतात. पांढरे केस कानांवरून ओढून घेतलेले असतात. तारा लावताना त्या कानाने लावत नाहीत, हार्पला चिमटा लावून छोट्या यंत्रावरचा काटा बघत बसतात. आणि बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघतात. कादंबरीला वाटायचं की आपल्या इंग्रजी उच्चारांमुळे बघतात, आणि त्यांच्यासमोर बोलताना तिला ओशाळल्यासारखं व्हायचं. ते ओशाळणं फुकट गेलं होतं, याचाही तिला थोडा राग आला. जर्मनीतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात ही बाई आयुष्यभर हार्प वाजवत होती, असं सगळे सांगायचे. कोण सांगायचं? बाईच सांगायच्या. फेब्रुवारीत अनुष्काच्या म्युझिक कॉलेजच्या ऑडिशन होत्या. इंजिनिअरिंग सोडून मुलगी हार्प वाजवणार, हे कादंबरीने रडून-भांडून शेवटी मान्य केलं होतं, ते या बाईच्या एका वाक्यावर: "तुमच्या मुलीचा आवाज वेगळा आहे." आवाज. कुठला आवाज ऐकला होता या बाईने?

पुढच्या गुरुवारी तिने परीक्षा घेतली. अनुष्का जाड तारांवरचा एक संथ तुकडा संपवून थांबली होती, बाई पानं उलटत पाठमोऱ्या उभ्या होत्या. कादंबरी सोफ्यावरून उठली, त्यांच्या मागे दोन हातांवर जाऊन उभी राहिली आणि रोजच्या आवाजात, मराठीत म्हणाली, "लांगेबाई, तुमच्या घराला आग लागलीय." बाईंनी आणखी एक पान उलटलं. खोलीत फक्त हीटरची घरघर होती. हार्पच्या तारांपलीकडून अनुष्का आईकडे बघत होती. तारांच्या रेघांमागे तिचा चेहरा पूर्ण दिसत नव्हता, डोळे तेवढे दिसत होते. कादंबरी परत येऊन सोफ्यावर बसली. चूक सापडली की ऑफिसात तिला जो हलका आनंद व्हायचा तो तिला झाला, आणि तो आनंदच आहे हे तिला कळलंही.

परतताना गाडी बर्फावरून हळूहळू हमरस्त्याला लागली. मग कादंबरी म्हणाली, "तुला माहीत होतं."

"व्हॉट?"

"तिला ऐकू येत नाही ते."

"शी हिअर्स इनफ."

"इनफ म्हणजे किती? अनुष्का, ऑडिशन आहे तुझी. जिला ऐकू येत नाही ती तुला काय शिकवणार?"

अनुष्का खिडकीबाहेर बघत होती. "हिअरिंग एड आहे तिच्याकडे. लेसनला काढून ठेवते, कारण त्यातून म्युझिक घाण ऐकू येतं. लाइक टिन." मग आईकडे वळून, "आई, शी इज नॉट युअर प्रॉडक्ट. यू डोन्ट गेट टू टेस्ट हर."

घरी आल्यावर कादंबरीने नवऱ्याला, देवांगला, सांगितलं. तो डिशवॉशर रिकामा करत होता. "हो, अनुष्का बोलली होती मला," तो म्हणाला, आणि हातातली प्लेट कपाटात ठेवली.

"कधी?"

"झाले असतील सहा-आठ महिने. पण यार कादंबरी, पोरगी मस्त वाजवते. मग प्रॉब्लेम काय आहे?"

"मला का नाही सांगितलं?"

देवांग हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण ती ते विसरली नाही. "तू लगेच तिकीट रेझ केलं असतंस," तो म्हणाला.

म्हणजे या घरात एक गोष्ट सहा-आठ महिने तिच्याभोवती फिरत होती. जेवणाच्या टेबलावर, गाडीत, दिवाळीच्या फराळाच्या वेळी ती दोघं तिच्यासमोर बसून ती गोष्ट गिळत होती. आणखी काय काय गिळत असतील? तिने अनुष्काच्या बंद दाराकडे बघितलं. आतून हार्प ऐकू येत होता. सुंदर होता की नव्हता ते तिला कळत नव्हतं. तिला कधीच कळलं नव्हतं. घरात सगळ्यांत जास्त ऐकू येणारी ती, आणि तिलाच तेवढं कळत नव्हतं.

शनिवारी इंडियन ग्रोसरीत फ्रोजन भेंडीच्या फ्रीजपाशी रुपाली भेटली. रुपालीची अनिका दोन वर्षं लांगेबाईंकडे शिकत होती. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाच्या गप्पा झाल्या, कुणाच्या ग्रीन कार्डच्या झाल्या, आणि मग रुपालीने सहज विचारलं, "अनिका म्हणते, बाई तिला कधी करेक्टच करत नाहीत. अनुष्काला करतात का गं?" कादंबरीने फ्रीजचं दार धरलं होतं. काचेवर वाफ धरत होती. नंतर ती स्वतःला सांगायची की अनिकाच्या भल्यासाठी सांगितलं. पण त्या क्षणी तिला एवढंच वाटलं होतं की ही गोष्ट आतापर्यंत इतरांकडे होती आणि आता आपल्याकडे आहे. "तुझ्यापुरतंच ठेव हं," ती म्हणाली. रुपालीने ऐकून घेतलं. "बाप रे," ती म्हणाली, "आणि आपण इतक्या विश्वासाने पाठवतोय." मग मेथीच्या पराठ्याचं पाकीट उचलून बास्केटमध्ये टाकलं.

सोमवारी सकाळी कादंबरी ऑफिसला उशिरा येते असं कळवून एकटीच लांगेबाईंकडे गेली. काय विचारायचं ते तिने गाडीत इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं. पण बाईंनी दार उघडलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अनुष्काने सांगितलं की तुम्हाला कळलंय. आत या. थांबा, मी कान घालते." त्यांनी खरंच तसंच म्हटलं, चष्मा घालते म्हणावं तसं. मग कादंबरीला स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे उजेड तिच्या ओठांवर पडेल. समोर बसून दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांच्या टोकांना कातडं जाड झालेलं होतं, करंगळ्या सोडून. हार्पला करंगळी लागत नाही.

"तुम्हाला वाटत असेल मी सगळं खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. कादंबरीला तसंच वाटत होतं.

मग त्या सांगत गेल्या. ऱ्हाइन नदीकाठच्या एका गावात त्यांचे वडील चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करायचे. घरात पियानोवर थोरल्या भावाचा हक्क होता, आणि एका पडक्या बंगल्यातून वडिलांनी दुरुस्तीला आणलेला हार्प कुणी परत न्यायला आलंच नाही, म्हणून तो रोस्विताला मिळाला. तेविसाव्या वर्षी त्या शहरातल्या ऑर्केस्ट्रात लागल्या. तेव्हा तिथे बाकी सगळे पुरुष होते. "हार्पची खुर्ची तेवढी ते बाईला द्यायचे. हार्प म्हणजे बायकी वाद्य. तो जिन्यावरून उतरवायची वेळ आली की मात्र तो बायकी नसायचा." कपडे बदलायला खोली नव्हती; कॉन्ट्राबास या माणसाएवढ्या वाद्याच्या उभ्या पेट्यांच्या मध्ये अंग चोरून त्या काळा झगा घालायच्या. ऑर्केस्ट्रात हार्पवाली वाजवते थोडं आणि वाट बघते फार, त्या म्हणाल्या. बाकीचे वाजवत असतात, ती मनातल्या मनात मोजत बसते. लोकांना वाटतं स्वप्नात आहे, आणि ती जिवाच्या आकांताने मोजत असते, कारण आपली वेळ चुकली तर ती सगळ्या हॉलला ऐकू जाते. त्यांची खुर्ची ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य फुंकणाऱ्यांच्या पुढ्यात होती. तीस-पस्तीस वर्षं ते पितळ त्यांच्या डाव्या कानामागे वाजत होतं.

"आधी वरच्या तारा गेल्या. छोट्या, बारीक. मला वाटलं वाद्य म्हातारं झालं. मी वाद्य बदललं. मग वाटलं तारा बनवणारा आता लबाडी करतो. त्याला मी फार कडक शब्दांत सुनावलं. मग वाटलं हॉलमध्ये नवे पडदे लावलेत, तेच आवाज खातात." त्या किंचित हसल्या. "माझ्या कानांवर सोडून मी सगळ्यांवर संशय घेतला."

मग हाइकेची गोष्ट. हाइके नऊ वर्षांची असताना त्यांच्याकडे शिकायला आली होती, आणि पुढे त्याच ऑर्केस्ट्रात दुसरी हार्पवादक म्हणून शेजारी बसू लागली. बाईंना ऐकू येत नाही हे तिलाच पहिल्यांदा कळलं. काही न बोलता ती मदत करू लागली. बाईंची वाजवायची वेळ आली की गुडघ्यावरचं एक बोट उचलायची. तेवढ्यावर बाईंनी काही वर्षं काढली. मग ऑर्केस्ट्रा चालवणारा नवा कंडक्टर आला. एक दिवस हाइके त्याच्या खोलीत जाऊन सगळं सांगून आली. दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावणं आलं. "सगळे माझ्याशी फार सभ्यपणे बोलले. अगदी हळू आवाजात. त्यामुळे मला निम्मं ऐकूच आलं नाही."

"आणि तुमची खुर्ची हाइकेला मिळाली?"

"मिळाली. ती उत्तम वाजवायची. तिच्याहून चांगलं कुणी नव्हतं." बाईंनी टेबलावरचा एक कण बोटाने उचलला. "ती मला कधी येऊन भेटली नाही. मी नवऱ्याबरोबर इकडे, त्याच्या गावी, निघून आले. आता तोही नाही."

कादंबरी ऐकत होती आणि ऐकता ऐकता तपासतही होती. ही गोष्ट बाईंनी किती जणांना सांगितली असेल? कुठे थांबायचं ते इतकं नेमकं कसं ठाऊक? पण बाई तो कण परत तिथेच ठेवत होत्या, पुन्हा उचलत होत्या, आणि आपण ते करतोय हे त्यांना कळत नव्हतं. "मग तुम्ही शिकवता कसं?" तिने विचारलं.

"खालच्या तारा ऐकू येतात. मधल्या लाकडातून हाताला कळतात. वरच्या मी डोळ्यांनी बघते. बोट तारेवरून कसं निघालं ते दिसलं की आवाज कसा आला असेल ते समजतं. नेहमी नाही. नाही समजलं की अनुष्काला विचारते, कसा आला? ती खोटं बोलत नाही. वाईट आला तर वाईट म्हणते." मग त्यांनी कादंबरीच्या ओठांकडे बघत विचारलं, "तुम्ही कुणाला सांगणार आहात का? माझ्याकडे हे शिकवणं सोडून दुसरं काही नाही."

खरं सांगायची वेळ हीच होती. रुपालीचं नाव जिभेवर होतं. पराठ्याचं पाकीट, काचेवरची वाफ. "नाही," कादंबरी म्हणाली. आणि गाडीत बसल्यावर स्वतःला समजावलं की बाईंनी 'सांगणार का' विचारलं होतं, 'सांगितलं का' नव्हतं विचारलं. शब्दांपुरतं ते खरं होतं. बाबा असते तर म्हणाले असते, तिकीट आहे, पण कालच्या तारखेचं.

डिसेंबर संपायच्या आत अनिका क्लासमधून निघाली. तिला तसाही कंटाळा आला होता, असं रुपालीने सांगितलं. मग एका डेंटिस्टच्या दोन जुळ्या मुली गेल्या. त्यांच्या आईने वेळ जमत नाही असा गोड टेक्स्ट पाठवला. मग आणखी एक आई सरळ दारात उभी राहून विचारून गेली की हे खरं आहे का. हे सगळं कादंबरीला अनुष्काकडून तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं, आणि प्रत्येक तुकडा कळताना ती काहीतरी चिरत किंवा पुसत असायची. तिने रुपालीला फोन केला. "अगं, मी फक्त त्या डेंटिस्टच्या बायकोला बोलले," रुपाली म्हणाली, "तिच्या दोन मुली जातात, तिला अंधारात कसं ठेवणार? तुलाही नाही ना ठेववलं मला अंधारात." कादंबरीने फोन ठेवला. सोफ्यावर बसून ती गुरुवारी बघायची: बाई आता अनुष्काला विचारत नव्हत्या, कसा आला म्हणून. अनुष्का वाजवून थांबायची, मान वर करायची, आणि बाई दुसरीकडे बघायच्या. एकदा अनुष्काने आपणहून सांगितलं, "द टॉप वन वॉज अग्ली." बाई म्हणाल्या, "असं?" त्या 'असं'मधला संशय कादंबरीने लगेच ओळखला. तो तिच्याच घरातला होता.

जानेवारीतल्या एका गुरुवारी कादंबरीला मीटिंग होती म्हणून अनुष्का एकटी गेली आणि फार लवकर परत आली. गॅरेजमधून घरात येणाऱ्या पायरीवर बूट न काढता बसून राहिली. बुटांचा बर्फ वितळून तिच्याभोवती पाणी झालं.

"काय झालं?"

"शी सेड, ऑडिशनपर्यंत मी एकटीनेच प्रॅक्टिस करावी." ती रडत नव्हती. "शी थिंक्स आय टोल्ड एव्हरीवन. लाइक हाइके. ती गोष्ट मलाही सांगितलीय तिने. ती नाव घेत नाही, बट आय कॅन टेल."

कादंबरी तिच्या शेजारी बसायला वाकली, तशी अनुष्का उठली आणि वर गेली. त्या दिवशी वरून हार्पचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात ती शांतता होती, आणि कादंबरीला कळलं की तो आवाज चांगला की वाईट हे ठाऊक नसलं तरी त्यावर आपला दिवस टांगलेला असायचा. देवांग म्हणाला, थोडे दिवस जाऊ दे, होईल शांत. ती त्याच्याकडे बघत राहिली. रुपालीला कुणी सांगितलं हे त्याला माहीत असावं असं तिला वाटलं. विचारायचा धीर झाला नाही.

शनिवारी ती लांगेबाईंकडे गेली. बर्फ वितळायला रस्त्यांवर मीठ टाकलेलं होतं, झाडं काचेसारखी गोठली होती. बाईंनी दार उघडलं. त्या घरातल्या कपड्यांत होत्या, केस मागे बांधलेले, आणि दोन्ही कान उघडे. कादंबरीला वाटलं, आताच म्हणून टाकावं. "मिसेस लांगे, अनुष्काने नाही सांगितलं. मी सांगितलं."

बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग हात वर करून थांबायची खूण केली आणि आत गेल्या. कादंबरी दारात उभी राहिली. आत एक ड्रॉवर उघडला, मिटला. फार वेळ लागला. थंड वारा मानेत शिरत होता. त्यांना ओठांवरून कळलं असेल का? कळूनही त्या पुन्हा वदवून घेणार आहेत का? तसं असेल तर तो त्यांचा हक्क आहे, आणि तरीही तिला त्यांचा राग आला, आणि मग त्या रागाची लाज वाटली. बाई कानात मशीन बसवत परत आल्या. "आता सांगा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदा सांगणं फार अवघड गेलं. "मी एका मैत्रिणीला सांगितलं. तिने पुढे सांगितलं. अनुष्काचा काही संबंध नाही. तिला यातलं काही माहीत नाही."

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. "मी तुम्हाला हाइकेची गोष्ट सांगितली," त्या सावकाश म्हणाल्या, "त्याच्या आधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा सांगून झालं होतं."

"हो."

"आणि तुम्ही मला बोलू दिलंत."

"हो," कादंबरी म्हणाली. काही तरी आणखी म्हणावं असं वाटत होतं, मुलीसाठी, भीतीपोटी, मला कुणी काही सांगत नाही म्हणून. पण बाई तिच्या ओठांकडे बघत होत्या, आणि त्या नजरेसमोर यातला एकही शब्द बाहेर पडायला तयार नव्हता. तिने सॉरी म्हटलं. ते बाईंना ऐकू आलं असावं, पण त्यांनी ते घेतलं नाही. त्यांनी बाहेर रस्त्याकडे बघितलं, जिथे एक माणूस कुत्र्याला घेऊन चालला होता, आणि तो पुढे गेल्यावर म्हणाल्या, "त्या मुलीचा एक गुरुवार मी वाया घालवला. ऑडिशन जवळ आली आहे. उद्यापासून रोज पाठवा." मग दार लोटता लोटता, "तुम्ही आत यायचं नाही."

घरी अनुष्का किचनमध्ये उभ्याने सीरिअल खात होती. कादंबरीने कोट न काढताच सांगितलं, सगळं, मराठीत, भेंडीच्या फ्रीजपासून. अनुष्काने चमचा खाली ठेवला नाही. "आय नो," ती म्हणाली. "अनिकाने मला तेव्हाच सांगितलं होतं. तिच्या मॉमला कुणी सांगितलं ते."

"मग तू लांगेबाईंना का नाही सांगितलंस? स्वतःवर घेत बसलीस?"

अनुष्का खिडकीकडे वळली. तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "कारण मग मला तुझं नाव सांगावं लागलं असतं. देन आय वुड बी हाइके, आई."

कादंबरीला तिला जवळ घ्यायचं होतं. ती जागची हलली नाही. थोड्या वेळाने अनुष्काने बाऊल सिंकमध्ये ठेवला आणि वर गेली, आणि बऱ्याच वेळाने वरून तार लावण्याचा आवाज आला, एकच तार, पुन्हा पुन्हा, जरा उंच, जरा खाली.

त्यानंतर ती रोज अनुष्काला सोडायची. अनुष्काने स्वतः गाडी नेली असती, पण "सोडते" म्हटल्यावर ती नाही म्हणाली नाही, आणि त्या एका न म्हटलेल्या शब्दावर कादंबरी ते दिवस काढत होती. गेलेल्या मुली परत आल्या नाहीत. रुपाली मंडळात भेटली की हवापाण्याचं बोलायची. लांगेबाईंच्या ड्राइव्हवेमध्ये इंजिन बंद करून कादंबरी बसून राहायची. काचा वर, हात बाह्यांत. समोरच्या मोठ्या खिडकीतून आतली खोली दिसायची. अनुष्का हार्प खांद्यावर टेकवून घ्यायची, बाई मागे येऊन तळवा लाकडावर ठेवायच्या, आणि मग मुलीचे दोन्ही हात तारांवर चालू लागायचे. काहीच ऐकू यायचं नाही. पहिले काही दिवस ती फोन बघत बसली. मग एका दुपारी तिने फोन ठेवून दिला आणि नुसती बघत राहिली. उजवा हात वरच्या बारीक तारांकडे गेला, एक बोट तारेवरून निघालं आणि मिटून तळहातात गेलं, आणि कादंबरीच्या मनात आलं की हा स्वर बरा नाही आला, काहीतरी राहिलं त्यात. आत अनुष्का थांबली. बाईंनी वाकून तिला काहीतरी विचारलं. अनुष्काने मान हलवली: नाही. मग तिने हात पुन्हा वर नेला, आणि कादंबरी काचेवर धरलेली वाफ बाहीने पुसून पुढे वाकून बघू लागली.